'फोटॉनिक्स'ला 'प्रकाशिकी' म्हणायचं का?

तुम्ही विचारलंय की नवीकरणीय ऊर्जा संशोधनावरचा लेख मराठीत आणताना 'फोटॉनिक्स'ला 'प्रकाशिकी' लिहिलं तर चालेल का. माझ्या मते नको. प्रकाशिकी हा शब्द आपण ऑप्टिक्ससाठी आधीच वापरून टाकलाय, आरसे, भिंगं, लोलक, परावर्तन, अपवर्तन सगळं त्यात आलं.

फोटॉनिक्स हा शब्द इलेक्ट्रॉनिक्सच्या साच्यातला आहे. इलेक्ट्रॉनकडून काम करून घ्यायचं ते इलेक्ट्रॉनिक्स, फोटॉनकडून, म्हणजे प्रकाशाच्या कणाकडून, घ्यायचं ते फोटॉनिक्स. 'फोटॉन' हा शब्द १९२६ साली अमेरिकन रसायनशास्त्रज्ञ गिल्बर्ट लुईस यांच्यामुळे रूढ झाला, मुळात ग्रीक 'फोस' म्हणजे प्रकाश.

आता सौरघटच, म्हणजे सोलर सेल, घ्या ना (किती नेटका शब्द आहे हा!). सिलिकॉनमध्ये इलेक्ट्रॉन मोकळा करायला फोटॉनकडे साधारण १.१ इलेक्ट्रॉनव्होल्ट (ऊर्जेचं एक अगदी छोटं एकक) ऊर्जा लागते, अवरक्तातल्या (इन्फ्रारेड) ज्या फोटॉनकडे तेवढी नाही तो आरपार निघून जातो, आणि निळा फोटॉन २.७ च्या आसपास घेऊन आला तरी एकच इलेक्ट्रॉन सोडवतो, उरलेली ऊर्जा नुसती उष्णता होऊन जाते. म्हणून एकाच पदार्थाच्या घटाला साध्या उन्हात सुमारे ३३ टक्क्यांच्या वर जाता येत नाही, शॉकली आणि क्वाइसर या शास्त्रज्ञांनी १९६१ मध्ये मांडलेला हिशोब तो हाच. सध्या सिलिकॉनवर पेरोव्हस्काइट नावाच्या स्फटिकी पदार्थाचा थर देतात तो याच्यावरचाच उपाय, निळे-हिरवे फोटॉन वरच्या थराने घ्यायचे आणि तांबडे-अवरक्त खालच्याने. इथे प्रत्येक फोटॉनचा हिशोब ठेवावा लागतो, आणि 'प्रकाशिकी' म्हटलं की नेमका तोच हरवतो.

उलट आरशांनी ऊन एका जागी गोळा करून वाफ करणारे प्रकल्प असतात, तिथे खुशाल प्रकाशिकी लिहा, एकदम चपखल बसतं.

पण सीमारेषा काही कुंपणासारखी नाहीये हेही सांगायला हवं. पॅनेल निळसर का दिसतं? कोरं सिलिकॉन पडलेल्या उजेडातला जवळजवळ एक तृतीयांश परत फेकतं, म्हणून त्यावर सिलिकॉन नायट्राइडचा जेमतेम ७५ नॅनोमीटरचा थर देतात, त्याने बाकी परावर्तन मरतं आणि थोडा निळा तेवढा परत येतो. साबणाच्या फुग्यावर रंग दिसतात त्यातलंच हे, म्हणजे काटेकोरपणे प्रकाशिकीच, पण काम चालतं फोटॉनिक्सवाल्यांच्या प्रयोगशाळेत. पवनचक्कीसमोरचा वारा मोजणारं लिडारही तसंच, हवेतल्या धूलिकणांवर लेझर सोडायचा आणि परत आलेल्या उजेडाची वारंवारता किती सरकली त्यावरून वेग काढायचा.

तेव्हा मी 'फोटॉनिक्स' तसाच ठेवेन, पहिल्यांदा येईल तिथे 'म्हणजे प्रकाशकणांचं तंत्रज्ञान' एवढं जोडेन, आणि पुढे विशेषण लागलं तर 'फोटॉनिक स्फटिक' असं सरळ लिहीन. 'फोटॉनिकी' मराठी कानाला परकाच वाटतो.

आणि लेखात फोटोव्होल्टेइक (उजेडातून थेट वीज करणारं) आलं तर त्याला 'प्रकाशविद्युत परिणाम' लिहू नका प्लीज, ते नाव फोटोइलेक्ट्रिक इफेक्टचं आहे, त्यात इलेक्ट्रॉन धातूच्या बाहेर पडतो, सौरघटात तो पदार्थाच्या आतच राहून तारेतून फिरतो.