मुंग्या आधी, वजन नंतर

प्रिय ताई,

चार वर्षांपूर्वी गॅस्ट्रिक बायपास, म्हणजे वजन उतरवण्याचं ऑपरेशन झालं, 42 किलो उतरलं, शुगरची गोळी सुटली. रिपोर्ट चांगले येत होते म्हणून दोन वर्षांपूर्वी व्हिटॅमिनच्या गोळ्याही तुम्ही बंद केल्यात. आता सहा किलो परत चढलंय, जिन्यावर धाप लागते, रात्री तळपायांना मुंग्या येतात. घरात ‘पैसे पाण्यात गेले’ हे ऐकावं लागतं आणि सर्जनसमोर जायची लाज वाटते, असं तुम्ही लिहिलंय.

वजनाचं नंतर बघू. त्या मुंग्यांसाठी याच आठवड्यात डॉक्टरांकडे जा.

ताई, रिपोर्ट चांगले होते ते गोळ्या चालू होत्या म्हणून. बायपासनंतर अन्न जठराचा मोठा भाग आणि लहान आतड्याची सुरुवात टाळून पुढे जातं. त्यामुळे लोह, कॅल्शियम, व्हिटॅमिन बी-12 नीट शोषलं जात नाही, आणि हे जन्मभर तसंच राहणार. बी-12 चा साठा यकृतात असतो, तो हळूहळू संपतो, म्हणून कमतरता अशी उशिरा जाणवते. तुम्ही शाकाहारी, म्हणजे आहारातूनही ते बेताचंच. फार काळ दुर्लक्ष झालं तर नसांचं नुकसान कायमचं राहू शकतं. हिमोग्लोबिन, फेरिटिन (शरीरातला लोहाचा साठा), बी-12, फोलेट, व्हिटॅमिन डी, कॅल्शियम या तपासण्यांबद्दल विचारा. मनाने नुसत्या फोलिक ॲसिडच्या गोळ्या मात्र सुरू करू नका. रक्त सुधारल्यासारखं दिसतं आणि आत नसा बिघडतच राहतात.

गुडघ्यासाठी मेडिकलमधून पेनकिलर आणता, त्याची मला फार काळजी वाटते. डायक्लोफेनॅक, आयबुप्रोफेनसारख्या गोळ्यांनी बायपासमध्ये जठर आणि आतडं जिथे जोडलंय तिथे अल्सर होऊ शकतो, त्यातून रक्तही जातं. दुसरं काय चालेल ते डॉक्टरांनाच विचारा.

संकष्टी सोडा असं मी म्हणणार नाही. पण दिवसभर उपाशी राहून रात्री साबुदाण्याची खिचडी, यात प्रथिनं फारच कमी. दही, पनीर उपासाला चालतं, ते दिवसातून दोन-तीनदा थोडं थोडं खा. एरवी ताटातली उसळ, घट्ट वरण आधी, पोळी-भात नंतर. लोहाची गोळी चहासोबत नको. कॅल्शियम आणि लोह यांत दोन तासांचं अंतर ठेवा.

आणि ते सहा किलो! सगळ्यात कमी वजन गाठल्यावर पुढे थोडं परत वाढणं अगदी नेहमीचं आहे, सर्जनना त्यात नवल वाटणार नाही. 36 किलो अजून उतरलेलंच आहे. पैसे पाण्यात गेलेले नाहीत, हे यजमानांना डॉक्टरांच्याच तोंडून ऐकू द्या. त्यांना सोबत न्या.

जाताना ऑपरेशनची फाईल घ्या. गोळ्या बंद केल्याचं लपवू नका. त्याच सर्जनकडे जायचा धीर होत नसेल तर फॅमिली डॉक्टरांकडे जा, पण बायपास झालंय हे बसल्याबरोबर सांगा.