गावाकडच्या वृत्तपत्रात फोटोग्राफीची इंटर्नशिप करावी का?

तुम्ही विचारलंय की यवतमाळ जिल्ह्यातल्या एका दैनिकात फोटोग्राफर म्हणून बिनपगारी इंटर्नशिप मिळतेय आणि घरचे म्हणतात, सत्कारांचे फोटो काढून काय शिकणार? शिकत असतानाच याच जिल्ह्यात, एका दैनिकाच्या तालुका कार्यालयात मी हे काम केलं. माझं उत्तर : नक्की करा. इथे फोटोतला माणूस दुसऱ्या दिवशी बाजारात भेटतो, आणि हे शिक्षण मोठ्या शहरात सहज मिळत नाही.

सत्कार, उद्घाटनं, निवेदनं रोज असतात, ते टळत नाही. पण त्यातच हात बसतो. लाल-पिवळ्या कापडाच्या मंडपात सगळ्यांचे चेहरे त्याच रंगाचे दिसतात, म्हणून व्हाइट बॅलन्स (उजेडाप्रमाणे रंग खरे दाखवणारं कॅमेऱ्यातलं सेटिंग) हाताने लावायचा किंवा मंडळींना कडेला, मोकळ्या उजेडात बोलवायचं. वृत्तपत्राचा कागद शाई शोषतो. मोबाइलवर छान दिसणारा गडद फोटो छापल्यावर नुसता काळा होतो, त्यामुळे सावलीतले चेहरे आधीच थोडे उजळून पाठवायचे. गावाकडची आवृत्ती गाडीने लांब जायची असल्यामुळे पान छपाईला लवकर सोडतात. संध्याकाळच्या कार्यक्रमाचा फोटो तिथूनच, मोबाइलवरून पाठवता आला पाहिजे.

कापूस वेचणीचे फोटो काढायचे तर सकाळीच वावरात पोहोचा. दुपारच्या उन्हात पांढऱ्या कापसाचा तपशील उडतो, आणि कापूस सांभाळायला जावं तर बाईचा चेहरा काळवंडतो. तिला पुन्हा वाकायला, हसायला सांगू नका. बातमीच्या फोटोत तसं करायचं नसतं, आणि तिची मजुरी किलोवर असते हेही लक्षात ठेवा.

सगळ्यात जास्त मी पोळ्याला शिकलो. संध्याकाळी आखरावर, म्हणजे गावच्या गुरं जमण्याच्या मोकळ्या जागेत, बैलजोड्या तोरणाखाली उभ्या राहतात, झडत्या (पोळ्याची चढाओढीची गाणी) रंगतात, आणि तोरण तुटलं की क्षणात पोळा फुटतो, म्हणजे जोड्या सुटतात. उजेड उतरलेला, बैल पळणारे. आयएसओ (कॅमेऱ्याची उजेड टिपण्याची संवेदनशीलता) 1600 च्या आसपास, शटरचा वेग निदान 1/500 सेकंद. पण उभं कुठे राहायचं, हे कॅमेरा सांगत नाही. ते गावातल्या म्हाताऱ्यांना आधी विचारायचं. मानाची जोडी कोणाची, ती कोणत्या बाजूने निघते, हे त्यांना पाठ असतं, आणि फोटोओळीसाठी, म्हणजे फोटोखालच्या मजकुरासाठी, नावंही त्यांच्याकडूनच नीट मिळतात.

फोटोओळीवर मी मुद्दाम भर देतोय. नाव, वडिलांचं नाव, आडनाव, गाव, हे सगळं त्या माणसाकडूनच वहीत लिहून घ्या. एकाच गावात एकाच आडनावाची कितीतरी घरं असतात. फोटो छापून आला की ते कात्रण घरात वर्षानुवर्षं राहतं.

आणि आत्महत्या केलेल्या शेतकऱ्याचं घर. हे काम तुमच्याही वाट्याला येईल. आमच्या ज्येष्ठ छायाचित्रकारांनी तिथे कॅमेरा बॅगेतून काढलाच नाही. ओसरीत बसले, पाणी घेतलं, बराच वेळ नुसतं ऐकलं. मग विचारलं. आजी म्हणाल्या, "पोरीले नोको घेऊ फोटोत, शाळेत जाते थे." घेतला नाही. कार्यालयाने नंतर मुलीचा फोटो मागितला, तेव्हाही त्यांनी नाही म्हणूनच सांगितलं. ही गोष्ट मला कोणत्याही तासाला कोणी शिकवली नव्हती. काही ठिकाणी तर कायदाच हात धरतो : लैंगिक अत्याचाराला बळी पडलेल्या मुलाची ओळख पॉक्सोच्या (बालकांना लैंगिक अत्याचारांपासून संरक्षण देणाऱ्या कायद्याच्या) कलम 23 नुसार, आणि गुन्ह्यात अडकलेल्या, पीडित वा साक्षीदार बालकाची ओळख 2015 च्या बाल न्याय कायद्याच्या कलम 74 नुसार उघड करता येत नाही. घर, शाळा, गणवेश यांवरूनही ओळख पटते, तेव्हा तेही फ्रेमबाहेर ठेवा.

छायाचित्रकार सुधारक ओलवे मूळचे अकोल्याचे. मुंबईच्या सफाई कामगारांवर त्यांनी केलेलं काम नक्की बघा. 2016 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. माणसाला दयेचा विषय न करता त्याचं जगणं कसं दाखवायचं, हे त्या फोटोंत दिसतं.

हो म्हणण्याआधी संपादकांना मात्र स्पष्ट विचारा : पेट्रोलचा खर्च मिळेल का, फोटोखाली 'छाया' म्हणून तुमचं नाव येईल का, मूळ फाइल तुम्हाला ठेवता येतील का, शेवटी प्रमाणपत्र देणार का. नाव आणि पेट्रोल दोन्ही मिळत नसेल, तर दुसरं दैनिक बघा. तालुक्याच्या प्रतिनिधींना फोटो काढणारं माणूस कायम हवंच असतं.