वाचकांचे प्रश्न: म्युझियममधली व्याख्यानं आणि वर्षाचे कार्यक्रम

प्रश्न (कोल्हापूर): टाउन हॉलचं म्युझियम शाळेत असताना बघून झालंय. १८ मे ला म्युझियममध्ये व्याख्यानं वगैरे असतात असं ऐकलं. परत जाऊन आमच्यासारख्यांना काय नवीन मिळणार?

उत्तर: १८ मे म्हणजे आंतरराष्ट्रीय संग्रहालय दिन, १९७७ पासून जगभर पाळतात. आयकॉम नावाची संग्रहालयांची संघटना आहे ती दरवर्षी एक विषय ठरवून देते, मग कुठं व्याख्यान, कुठं खास प्रदर्शन, कुठं तिकीट माफ असं काय काय असतं, आधी फोन करून विचारून घ्या. आणि जा, नक्की जा! शाळेच्या सहलीत रांगेतून चालताना काय दिसणार हो, मागून सर "चला पुढं" म्हणत असतात. तुमच्या टाउन हॉलमध्ये पोसायडनची छोटीशी ब्राँझची मूर्ती आहे, ग्रीकांचा समुद्रदेव, आणि तो सापडला कुठं तर पंचगंगेकाठी ब्रह्मपुरीच्या टेकडीवर. १९४५-४६ ला डेक्कन कॉलेजच्या सांकलिया आणि दीक्षितांनी ती टेकडी खणली तेव्हा सातवाहनांच्या काळातली वस्ती निघाली. काचेमागची ती मूर्ती बघून दोन मिनिटांत पुढं जाता येतं, पण जाणकार माणूस तिथंच शेजारी उभा राहून सांगायला लागला की रोमन व्यापाऱ्यांची जहाजं कोकणच्या बंदरांना लागायची, माल बैलांवर लादून घाट चढून वर यायचा आणि त्या वाटेवर हे गाव होतं, की मग आपण रोज ज्या टेकडीजवळून जातो तिच्याकडे बघायची नजरच बदलते. म्हणून माझं मत असं की म्युझियममधलं व्याख्यान हॉलमध्ये स्लाइड लावून होण्यापेक्षा वस्तूसमोर उभं राहून झालं पाहिजे. स्लाइड काय घरी पण बघता येते.

प्रश्न (पुणे): रिटायर झाले, आता इतिहासाची व्याख्यानं ऐकायची इच्छा आहे. पण मी कॉमर्सची, तिथं सगळे अभ्यासक असणार. काही विचारलं तर लोक हसतील का?

उत्तर: ताई, तुम्ही तर पुण्यात आहात! इथं वसंत व्याख्यानमाला १८७५ ला न्यायमूर्ती रानड्यांनी सुरू केली ती सामान्य माणसाने येऊन ऐकावं म्हणूनच. आणि १९१० ला राजवाडे, मेहेंदळे यांनी भारत इतिहास संशोधक मंडळ काढलं तिथं पाक्षिक सभांची पद्धत पडली, म्हणजे कुणाला एखादा जुना कागद मिळाला किंवा ताम्रपट वाचून झाला की सभेत येऊन टिपण वाचायचं आणि बाकीच्यांनी शंका काढायच्या. शंका काढणं हाच त्या सभेचा जीव आहे, त्यामुळे विचारायला अजिबात लाजू नका. आणि कॉमर्सचं म्हणाल तर पेशवे दफ्तरात लढायांच्या पत्रांपेक्षा हिशेबच जास्त आहेत, रोजकीर्दी, ताळेबंद, वसुली, पगार. जमाखर्च समजणारा माणूस तिथं हवाच आहे. मोडीचा एखादा क्लास केलात तर उत्तमच.

प्रश्न (धाराशिव जिल्हा): आम्ही चार-पाच शिक्षक मिळून तेरच्या संग्रहालयासाठी दरवर्षी एक कार्यक्रम सुरू करायचं म्हणतोय. पैसे फार नाहीत. मोठा वक्ता आणावा का, आणि तारीख कुठली धरावी?

उत्तर: हे पत्र वाचून फार आनंद झाला. मोठ्या वक्त्याच्या मागं लागू नका, निदान पहिल्या वर्षी तरी. त्याची तारीख मिळेपर्यंत तुमचा उत्साह जातो आणि आला तरी तो अख्खा सातवाहन काळ एका तासात सांगून जातो, लोकांच्या हाती काही राहत नाही. त्यापेक्षा एका वर्षी एकच वस्तू घ्या. तुमच्याकडची हस्तिदंती बाहुली घ्या ना! तशाच घडणीची एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती १९३८ ला इटलीत पाँपेईच्या अवशेषांत सापडली, आणि ते शहर इ.स. ७९ ला ज्वालामुखीच्या राखेखाली गाडलं गेलेलं, म्हणजे तेवढ्या जुन्या काळी आपल्याकडची कारागिरी समुद्रापार पोचली होती. पेरिप्लस नावाचं जुनं ग्रीक पुस्तक आहे, समुद्रमार्गाच्या व्यापाराचं, त्यात तगर म्हणून ज्या बाजारपेठेचं नाव येतं ते तेरच. दुसऱ्या वर्षी मातीच्या मूर्ती घ्या, आणि तेव्हा पुरातत्त्वाच्या माणसाशेजारी गावातल्या कुंभाराला पण बसवा, साचा कसा करतात, माती कशी मळतात, भाजताना तडा कुठं जातो हे तो दाखवेल. गोरोबा काकांच्या गावात हे नाही करायचं तर कुठं करायचं?

तारखेचं म्हणाल तर १८ मे ला शाळांना सुट्टी आणि ऊन असं की दुपारी कोणी घराबाहेर पडत नाही. १९ ते २५ नोव्हेंबर जागतिक वारसा सप्ताह असतो, तेव्हा शाळा चालू असतात, पोरांना आणता येतं, हवा पण बरी. पण मला विचाराल तर चैत्रात गोरोबा काकांची यात्रा भरते तेव्हाच करा, संध्याकाळी. माणसं आधीच गावात आलेली असतात, त्यांना फक्त संग्रहालयापर्यंत आणायचंय. परवानगीचा अर्ज मात्र दोन-तीन महिने आधी लेखी द्या, सरकारी संग्रहालय आहे, उशिरापर्यंत दार उघडं ठेवायचं तर स्टाफची सोय लागते. बोलणं अर्धा तास आणि प्रश्न अर्धा तास असं ठेवा, सत्कार-हारतुरे शक्यतो नकोच, त्यातच पाऊण तास जातो. आणि म्हातारी माणसं शेतात काय काय सापडायचं ते सांगायला लागली की मोबाईलवर रेकॉर्ड करा, नाव, शिवार, साल सगळं वहीत लिहून संग्रहालयाला द्या.

प्रश्न (सातारा): आजोबांच्या पेटीत मोडी कागद आहेत, शेतात दोन-चार जुनी नाणी पण मिळालीत. व्याख्यानाला येताना घेऊन येऊ का?

उत्तर: कागद आणा, पण आधी कृपा करून लॅमिनेशन करू नका, सेलोटेप लावू नका, घडी जबरदस्तीने उलगडू नका, सुती कापडात सैल गुंडाळून आणा. नाण्यांचं वेगळं आहे. जमिनीत सापडलेल्या गुप्तधनाला १८७८ चा निखात निधी कायदा लागतो, त्याची खबर कलेक्टरला द्यावी लागते. चिंच, पितांबरी लावून घासू नका, माती आहे तशी राहू द्या, नेमकी कुठं आणि किती खोल मिळाली ते लिहून ठेवा आणि आधी तहसील ऑफिसात जाऊन नोंद करा.