राजा मेला आणि राज्याच्या वाटण्या झाल्या!

प्रश्न: दादा, सुट्टीत क्रुसेडर किंग्ज ३ घेतला. नकाशा बघून वाटलं लढायांचा गेम असेल, पण अर्धा वेळ पोरांची लग्नं जुळवण्यातच जातो. कसेबसे दोन किंगडम जमवले, म्हातारा राजा गेला आणि दुसरं किंगडम सरळ धाकट्या भावाला! हा बग आहे का?
– एक वाचक, म्हापसा

उत्तर: बग कसला रे, तोच तर खरा गेम आहे! २०२० साली आला तेव्हा मलापण आधी असंच वाटलेलं की सैन्य जमवा आणि घुसा, पण इथे तू देश नाही चालवत, घराणं चालवतोस, राजा मेला की त्याच्या वारसाच्या अंगात शिरतोस आणि बापाने केलेली घाण निस्तरत बसतोस. सुरुवातीला वारसा कायदा असतो कॉन्फेडरेट पार्टिशनचा, म्हणजे पोरांत वाटण्या. भाटाची, म्हणजे बागायतीची, इन्व्हेंटरी (वारसांतल्या वाटणीचा खटला) कोर्टात चाललेली बघितलेल्या गोंयकाराला हे वेगळं शिकवायला नको, फरक एवढाच की आपल्याकडे मुलांना डावलून बापाला अर्ध्यापेक्षा जास्त मालमत्ता कुणाला देता येत नाही, आणि गेममध्ये तू घराण्याचा प्रमुख असशील तर रिनाऊन, म्हणजे घराण्याची कीर्ती, खर्चून पोराला साफ बेदखल करता येतं. रिनाऊन मात्र महाग पडतं, ते जपून वापर. एकच किंगडम ठेवून खेळलास तर धाकटे बहुतेक वेळा तुझ्या हाताखाली तरी राहतात.

आणि हे सगळं उगाच बनवलेलं नाही हं. गेम १०६६ पासून सुरू करता येतो, त्यानंतर दहाच वर्षांनी कल्याणीच्या चालुक्यांत सहाव्या विक्रमादित्याने सख्ख्या थोरल्या भावाला, दुसऱ्या सोमेश्वराला, गादीवरून हटवलं. पुढे विक्रमादित्याचीच मुलगी मैलालदेवी आपल्या गोव्याच्या कदंबांकडे, दुसऱ्या जयकेशीला दिली. लग्नं जुळवण्यात वेळ जातो म्हणतोस, पण युती अशीच होते बाबा.

एकदम भारतात सुरू करू नको, पसारा मोठा आहे. ट्युटोरियलवालं आयर्लंड छोटं आहे, ते आधी नीट खेळ. स्ट्रेसकडे लक्ष ठेव, दयाळू राजाकडून मुंडकी उडवून घेतलीस की तोच आतून खचतो, मग दारू काय नि काय.

आता तुझा धाकटा. बापाच्या त्या किंगडमवर तुझा क्लेम, म्हणजे हक्क, असणार, त्यामुळे लढाई करता येईल. पण आधी त्याला मूलबाळ आहे का बघ, नसेल तर बहुतेक वारस तूच, मग सैन्यावर कशाला पैसे घालवतोस?