बागेचे प्रश्न: रंग आहेत, पण उठाव नाही

प्रश्न: व्हरांड्यासमोर, पश्चिमेच्या कुंपणाला लागून 30 बाय 12 फुटांचा पट्टा आहे. क्रोटन, लाल अकॅलिफा आणि पिवळा ड्युरांटा लावलाय. रंग भरपूर, तरी सगळं गिचमिड दिसतं. काय चुकलं? (एक वाचक, सातारा)

उत्तर: तिन्ही झुडपं भडक, उंची सारखीच, आणि बहुधा माळ्याने कातरीने तिन्हींचे ठोकळे केलेत. नजरेला विसावायला साधी हिरवी जागाच उरली नाही. अकॅलिफाची तीन झाडं ठेवा, तीही पूर्ण उन्हात. सावलीत त्याचा लाल रंग मळतो. बाकीची कुंड्यांत हलवा.

झाड एकच लावा, बहावा. कुंपणापासून सहा फूट आत, आणि पट्ट्याच्या लांबीच्या बरोबर मध्यावर नको, एका बाजूला. खड्डा 3 बाय 3 बाय 3 फूट. दोन भाग माती, एक भाग कुजलेलं शेणखत. पाण्याची ददात नसेल तर तामणही चालेल. बहावा उन्हाळ्यात पानं टाकून पिवळे घोस धरतो, म्हणून मागे कुंपणालगत निरगुडी हवी, चार-चार फुटांवर. तिची बारीक, राखाडी झाक असलेली पानं अकॅलिफाचा लाल उठवतात. काडी खोचली तरी रुजते, शेळ्याही तोंड लावत नाहीत.

आता गवत, ज्याची तुमच्याकडे खरी उणीव आहे. वाळ्याचे पाच ठोंब दोन-दोन फुटांवर, एकाच घोळक्यात लावा. सुटे लावले तर तण वाटतं. मावळतीचं ऊन पात्यांमागून येईल अशी जागा निवडा, तेव्हाच पात्यांची धार चमकते. पुढच्या ओळीत गवती चहा, अडीच फुटांवर. पात्यांनी हात कापतो, त्यामुळे पायवाटेपासून दोन फूट आत. दर पावसाळ्याआधी सहा इंचांवर छाटा. दोन-तीन वर्षांनी ठोंब मधून वाळतो. तेव्हा उपटून कडेचे कोंब पुन्हा लावा.

बहाव्याभोवती तीन फुटांचं आळं पहिली दोन वर्षं मोकळं ठेवा. गवत बुंध्यापर्यंत आलं की पाणी-खत तेच ओढतं आणि रोप खुरटतं. निरगुडीला कातरी नको, सिकेटरने (एकेक फांदी कापायच्या हातकैचीने) जुन्या फांद्या बुडातून काढा.

प्रश्न: आंब्याखाली गवती चहा आडवा पडतो. दुसरं काय लावावं?

उत्तर: ऊन नसल्याने तो लांबट होऊन कोलमडतो. तिथे मोंडो ग्रास सहा-सहा इंचांवर लावा. नावापुरतंच गवत, पण सावलीत टिकतं. मात्र मुळं तोडून खणू नका, वर दोन इंच पानखत पसरून त्यात लावा.