घरचाच कांदा वाहायचा, तरी पिकअपला पासिंग लागतं का?

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: पिकअप घ्यायची आहे, भाडं मारायचं नाही, फक्त स्वतःच्या शेतातला माल बाजारात न्यायचा. मग पिवळी पाटी, दरवर्षीचं पासिंग आणि धंद्याच्या गाडीचा टॅक्स कशासाठी? पांढऱ्या पाटीवर होणार नाही का?

नाही होणार. आणि गाडी घेतल्यावर पासिंग टाळायचा विचार मनात असेल तर तो आत्ताच काढून टाका. "आपण कुठं भाडं मारतो?" हे वाक्य मी आमच्या घरात दहा वर्षं ऐकलंय, म्हणून उत्तर लांबणार आहे.

कायद्याचं आधी उरकतो. 1988 च्या मोटार वाहन कायद्यात मालवाहू गाडीची जी व्याख्या आहे, तिच्यात गाडी कशासाठी बांधलीय किंवा कशासाठी वापरताय एवढंच बघितलंय. मालासाठीच बांधलेली असेल तर ती मालवाहू, आणि मालवाहू म्हटलं की परिवहन वाहन. माल कुणाचा, भाडं घेता की नाही, हे त्या व्याख्येत कुठंच नाही. परिवहन वाहनाला कलम 56 लागतं. फिटनेस, म्हणजे आपण ज्याला पासिंग म्हणतो ते, नसेल तर गाडीची नोंदणीच वैध धरली जात नाही, म्हणजे आरसी खिशात असून नसल्यासारखी. दरवर्षीचं म्हणाल तर नव्या गाडीला पहिली 2 वर्षं बघायला नको, मग गाडी 8 वर्षांची होईपर्यंत दर 2 वर्षांनी आणि त्यापुढं दरवर्षी. 2018 च्या आधी पहिल्या दोन वर्षांनंतर दरवर्षीच जावं लागायचं, तेच अजून लोकांच्या डोक्यात बसलंय.

आता आमच्या गाडीचं सांगतो.

आमचं गाव आणे पठारावर. कांदा आळेफाट्याला जातो, मध्ये आणे घाट. 2012 साली वडील आणि चुलत्यांनी सामायिकात पिकअप घेतली. कागदपत्रं थोरल्या चुलतभावाकडे, आम्ही त्याला दादा म्हणतो. सुरुवातीची काही वर्षं पासिंग एजंटामार्फत व्हायचं. गाडी नेऊन उभी करायची, पैसे द्यायचे, संध्याकाळी कागद हातात. ब्रेक कुणी दाबून बघितल्याचं मला आठवत नाही.

मार्च 2020 मध्ये मुदत संपली आणि त्याच महिन्यात लॉकडाऊन लागला. केंद्रानं 1 फेब्रुवारी 2020 नंतर संपलेल्या कागदांना मुदतवाढ दिली, ती वाढत वाढत 31 ऑक्टोबर 2021 पर्यंत गेली. इथपर्यंत दादाचं काही चुकलं नाही. पण त्यानंतरही गाडी तशीच पळत राहिली. रांगडा कांदा निघाला, उन्हाळी काढणीला आला, पासिंगचं नाव नाही. मी विषय काढला की उत्तर ठरलेलं, "घरचा माल आहे, घाट उतरून फाट्यापर्यंत तर जायचंय. पासिंग म्हणजे नुसतं पैसे काढायचं काम." वडील मध्ये पडायचे नाहीत. भाऊबंदकीत गाडीवरून वाद नको, एवढंच म्हणायचे.

त्या गाडीत फक्त कांदा जात नव्हता. लागवडीला आणि काढणीला घाटाखालच्या वाडीतून बायका यायच्या, दहा-बारा जणी, एकदोघींच्या कडेवर पोर. सकाळी हौद्यात बसून वर, संध्याकाळी हौद्यात बसून घाट उतरून खाली.

मे 2022 मध्ये मीच गाडी घेऊन निघालो. ऑनलाइन फी भरली, तारीख घेतली, विमा आणि पीयूसी बरोबर ठेवलं, रिफ्लेक्टरची टेप नवीन लावली, स्पीड गव्हर्नरचा कागद काढला. आरटीओच्या गेटवर एक जण आलाच, "ट्रॅकवर न पळवता करून देतो." त्याला नाही म्हटलं आणि रांगेत उभा राहिलो. निरीक्षक साहेब शेजारी बसले. गाडी पळवायला सांगितली आणि एका ठिकाणी म्हणाले, आता पूर्ण ब्रेक. मी दाबला. गाडी उजवीकडं ओढत थांबली.

ते खाली उतरले आणि मलाही बोलावलं. रस्त्यावर मागच्या उजव्या चाकाचा काळा पट्टा उमटला होता. डाव्या चाकाचा नव्हता. ते म्हणाले, "डावं मागचं धरतच नाही. किती दिवस चालवताय असं?" मला उत्तर देता आलं नाही.

गाडी नापास झाली. त्याच दिवशी मिस्त्रीकडं नेऊन ड्रम उघडला. व्हील सिलेंडरचं रबर गेलेलं, ब्रेक ऑइल झिरपून लायनरवर काळा चिकट थर बसलेला. मिस्त्री म्हणाला, हे आठ-पंधरा दिवसांचं नाही, काही महिन्यांचं आहे. मग मला सीटखालची बाटली आठवली. ब्रेक ऑइल कमी झालं की दादा त्या बाटलीतून वर भरायचा. ते जातंय कुठं, हे कुणी बघितलं नव्हतं. दोन्ही बाजूंचे सिलेंडर, लायनर, ड्रमचं काम, मजुरी धरून चार हजारांच्या आत काम झालं. पुढच्या तारखेला गाडी पास झाली. दादाला सगळं सांगितलं तेव्हा तो म्हणाला, "इतकी वर्षं घाट उतरलीच ना?"

त्या रात्री मी त्या बायकांची नावं आठवत बसलो होतो. म्हणून, पासिंग म्हणजे पैसे काढायचं काम, असं माझ्यासमोर कुणी म्हटलेलं मला सहन होत नाही. आमची गाडी आधी जशी कागदावर पास व्हायची, ते पैसे काढायचं काम होतं. ट्रॅकवर ब्रेक दाबायला लावतात ते नव्हे. तुम्ही एजंटाला पैसे देऊन गाडी न तपासता पास करून घेणार असाल तर चूक तुमची आहे, नियमाची नाही.

टॅक्सचं. पांढऱ्या पाटीत फायदा आहे असं तुम्ही धरून चाललाय, पण महाराष्ट्रात हिशेब उलटा पडतो. खासगी डिझेल गाडीला 10 लाखांपर्यंत किमतीच्या 13 टक्के कर आहे. हलक्या मालवाहू गाड्यांना पूर्वी वजनानुसार दरवर्षी कर असायचा. 2025 च्या राज्य अर्थसंकल्पात 7500 किलोपर्यंतच्या गाड्यांना किमतीच्या 7 टक्के एकरकमी कर मांडला गेला. 9 लाखांच्या गाडीवर 13 टक्क्यांनी 1,17,000 होतात आणि 7 टक्क्यांनी 63,000. धंद्याच्या गाडीचा टॅक्स म्हणून ज्याची भीती वाटतेय, तो निम्म्याजवळ आहे.

तुमच्या खऱ्या कामाची गोष्ट विम्यात आहे आणि ती शोरूमवाला सहसा सांगत नाही. माल स्वतःचाच वाहायचा की लोकांचा, हा फरक आरटीओ करत नसला तरी विमा करतो. 2022 च्या दरपत्रकात 7500 किलोपर्यंतच्या, लोकांचा माल वाहणाऱ्या चारचाकीचा थर्ड पार्टी हप्ता 16,049 रुपये आहे आणि फक्त स्वतःचा माल वाहणाऱ्या गाडीचा 8,510, जीएसटी वेगळा. पॉलिसी काढताना हे स्वतः विचारा. पण एकदा का असा विमा घेतला की शेजाऱ्याची वांगी शंभर रुपयांसाठीसुद्धा नेऊ नका. अपघात झाला तर कंपनी पहिला तोच प्रश्न विचारणार.

परमिटचं एका ओळीत: गाडीचं मालासकट एकूण वजन 3000 किलोच्या आत असेल तर लागत नाही. छोटा हत्ती आत बसतो, मोठ्या पिकअप काही वर जातात, म्हणून बुकिंगच्या आधी वजनाचा आकडा बघा. लायसन साधं हलक्या वाहनाचं चालतं. 7500 किलोपर्यंतच्या मालवाहू गाडीबद्दल सर्वोच्च न्यायालयाच्या घटनापीठानं नोव्हेंबर 2024 मध्ये तेच कायम केलं.

पांढऱ्या पाटीचे पिकअप असतात, हे मला माहीत आहे. इसुझूची व्ही-क्रॉस, टोयोटाची हायलक्स खासगी म्हणून नोंद होतात. पण त्यांच्या किमतीत दोन साध्या पिकअप येतील, आणि त्यात गोण्या किती बसणार? शेतीचा ट्रॅक्टरही नियमानं परिवहन वाहनात येत नाही, म्हणून त्याचं उदाहरण देऊन कुणी तुम्हाला समजावत असेल तर ऐकू नका. एक मात्र मान्य करतो, गाडी जुनी होत जाते तशी फिटनेसची फी चढत जाते आणि लहान शेतकऱ्याला ती जड जाते. त्याबद्दल तक्रार करायला माझी हरकत नाही. उशिरासाठी रोज 50 रुपयांची तरतूदही केंद्राच्या नियमात आहे. 2024 मध्ये तिची वसुली निघाली तेव्हा रिक्षा-टॅक्सीवाल्यांनी आंदोलन केलं आणि राज्यानं ती थांबवली. पण त्या स्थगितीच्या भरवशावर तारीख चुकवू नका.

आणखी दोन गोष्टी, तुम्ही विचारल्या नसल्या तरी. गाडी भावाबरोबर सामायिकात घेणार असाल तर पासिंग आणि विम्याची तारीख कुणाच्या अंगावर, हे घेतानाच चार माणसांत ठरवा. आमच्यात ठरलं नव्हतं, म्हणून ते ज्याच्या हातात चावी त्याच्याकडं गेलं आणि त्यानं वाट्टेल ते केलं.

दुसरं म्हणजे हौद्यात माणसं बसवू नका. मालगाडीत फुकट बसवून नेलेल्या माणसाची जबाबदारी विमा कंपनीवर येत नाही, असं सर्वोच्च न्यायालयानं 2002 मध्येच सांगितलंय. मालाचा मालक केबिनमध्ये बसला तर तो धरला जातो, मागं बसलेल्या बाया नाहीत. दादा अजून म्हणतो की सगळे तसंच आणतात. 2022 च्या पावसाळ्यापासून आमच्याकडं बायकांसाठी परवान्याची जीप येते. तिचं भाडं सामायिक खर्चात धरायला दादा तयार नाही, त्यामुळं दर हंगामाला ते माझ्या वाट्यातून जातं. यंदाही काढणीचे दिवस आधीच सांगून ठेवलेत, आणि गाडी त्याआधी ट्रॅकवर जाऊन येईल.