पाण्याचं टेबल हलव

प्रिय,

तुझा आराखडा पाहिला. एकीकडे कलादालनं, दुसरीकडे मुलांचं संग्रहालय, मधे सामाईक प्रवेश. प्लॅन नेटका आहे. पण अशा इमारतीचा निकाल सेक्शनमध्ये, म्हणजे उभ्या छेदाच्या चित्रात, लागतो आणि तिथे पाण्याच्या खेळाचं टेबल नेमकं चित्रभांडाराच्या डोक्यावर आलंय. ते हलव. वॉटरप्रूफिंग कितीही चांगलं केलं तरी पाइप स्लॅबमधून जातो त्या जागी गळती आज ना उद्या होतेच, आणि बहुतेक वेळा ती कळते चित्राला ओल लागल्यावर. पाणी, शौचालयं, खाण्याची जागा हे सगळं मुलांच्या भागात एकावर एक रच.

हवेचंही तसंच. कलादालनात आर्द्रता ५० टक्क्यांच्या आसपास ठेवतात, पण आकड्यापेक्षा ती स्थिर राहणं महत्त्वाचं. ती झपाट्याने वरखाली झाली की चित्राची लाकडी फळी फुगते, आकसते आणि वरच्या रंगाचे पापुद्रे सुटतात. तीस मुलं धावून घामेजलेली आत आली की तेवढं पुरतं. म्हणून दोन्ही भागांची वातानुकूलन यंत्रणा वेगळी हवी, दालनातला हवेचा दाब किंचित जास्त हवा आणि मधे दोन दारांची खोली हवी. तू ती दीड मीटर दाखवली आहेस. पहिलं मूल आतलं दार ढकलेल तेव्हा शेवटचं बाहेरच्या दारातच असेल. दोन्ही दारं उघडीच राहतील. अख्खा गट मावेल एवढी कर.

याच खोलीत उजेडही हळूहळू उतरव. कागद, जलरंग, कापड यांना ५० लक्स (लक्स हे उजेडाचं माप), तैलचित्रांना साधारण २००. भर उन्हाच्या खेळघरातून थेट ५० लक्समध्ये आलेल्या मुलाला सुरुवातीला सगळं अंधारंच वाटतं.

धावण्याचा दणका रबरावरच्या तरंगत्या फरशीने अडेल. मात्र ओतकामात सिमेंटचा एक ओघळ जरी भिंतीला चिकटला, तरी आवाज तिथूनच पुढे जातो. फरशी आणि भिंत यांच्यामधली कडेची पट्टी ओतकामाआधी स्वतः तपास.

चित्रांचा मध्य तू सरसकट १५० सेंमीवर धरला आहेस. सहा वर्षांच्या मुलाचे डोळे ११०च्या आत असतात. वर पाहताना त्याला काचेत दिव्याचंच प्रतिबिंब दिसतं. काही चित्रं खाली घे, आणि दिव्यांचे कोन ठरवताना गुडघ्यांवर बसून पाहा.

पुढच्या वेळी १:५०चा सेक्शन आण. भांडारावरून जाणारा प्रत्येक पाइप त्यात निळ्या रेघेने दाखव.